रोजचे नऊ जीबी

आमच्या घरच्या इंटरनेटला महिन्याला तीनशे जीबीची मर्यादा होती. ती संपली की नेट बंद पडायचं नाही, पण इतकं मंद व्हायचं की मीटिंगमध्ये माझा चेहरा अर्ध्या वाक्यावर गोठून राहायचा. बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या इमारतीत तेव्हा एकाच केबलवाल्याची वायर आलेली होती, दुसऱ्या कुणाला असोसिएशननं परवानगी दिली नव्हती. तरी चार वर्षं आमचं भागलं. घरात नवरा, मी, मुलगी आणि माझे वडील. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. मी घरूनच काम करते, नवऱ्याची संशोधन संस्थेतली नोकरी, तो सकाळी आठला जातो. तीनशेतले तीस-चाळीस जीबी महिनाअखेर शिल्लकच राहायचे.

जुलैत मुलगी कॉलेजसाठी मंगळूरला गेली. म्हणजे वापर आणखी कमी व्हायला हवा होता. सप्टेंबरमध्ये पंचवीस तारखेला तीनशे संपले. ऑक्टोबरमध्ये बावीसला.

त्या बावीस तारखेला मी परदेशी क्लायंटसमोर बोलत होते. चार महिन्यांचं काम वीस मिनिटांत मांडायचं होतं. सहाव्या मिनिटाला पडद्यावरचे सगळे चेहरे थिजले आणि माझ्या बॉसचा फोनवर मेसेज आला, ‘तुझा आवाज येत नाहीये, मी पुढे नेतो.’ त्यानं नेलं. मी बघत बसले.

केबलवाल्याला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी स्वतःच आला. पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं वायर तपासली, राउटर बघितला आणि म्हणाला, “लाइनमध्ये काही नाही मॅडम. वापर तुमच्याच घरात होतोय. नोडी,” म्हणजे बघा, असं म्हणत त्यानं माझ्याच फोनवर राउटरचं पान उघडून दिलं. कोणत्या यंत्रानं किती डेटा ओढला ते तिथं ओळीनं दिसत होतं. माझा लॅपटॉप. नवऱ्याचा फोन. टीव्ही. अण्णांचा फोन, दिवसाला पन्नास एमबी, म्हणजे काहीच नाही. आणि सगळ्यात खाली एक ओळ, जिला नाव नव्हतं. नुसते आकडे आणि अक्षरं. त्या ओळीसमोर नऊ जीबी होते. एका दिवसाचे.

“हे कोण?” मी विचारलं.

“ते तुम्हालाच माहीत. कुणाला पासवर्ड दिलाय?”

दिला होता. समोरच्या फ्लॅटमध्ये एक तरुण राहतो, तोही घरून काम करतो. उन्हाळ्यात त्याचं नेट गेलं होतं तेव्हा मी त्याला पासवर्ड दिला होता, एका दिवसापुरता. माझ्या डोक्यात तो एकदम बसलाच.

मला एखादी गोष्ट लागली की मी तिच्या मागे लागते. आठवडाभर मी दर तासाला ते पान उघडून बघितलं आणि डायरीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. ती ओळ सकाळी साडेनऊला जागी व्हायची. तासाला साधारण एक जीबी ओढायची. दुपारीही थांबायची नाही. सव्वापाच-साडेपाचला बंद. सोमवार ते शनिवार. रविवारी शून्य. अगदी ऑफिसच्या वेळा. माझी खात्रीच पटली. मी लिफ्टमध्ये त्या तरुणाकडे बघून हसणं बंद केलं. त्यानं एकदा विचारलं, “आंटी, सब ठीक है ना?” मी नुसती मान हलवली.

नवरा म्हणाला, “जाऊन सरळ विचार ना त्याला.”

“विचारून काय, तो हो म्हणणार आहे?”

“मग पासवर्ड बदल.”

पासवर्ड बदलायचा म्हणजे टीव्हीपासून सगळीकडे पुन्हा घालत बसायचं. त्यापेक्षा सोपी सोय राउटरमध्येच होती. प्रत्येक ओळीपुढे एक बटण होतं, ते सरकवलं की त्या यंत्राला नेट मिळत नाही. नोव्हेंबरातल्या एका बुधवारी, सकाळी दहा चाळीसला, पहिली मीटिंग संपवून दुसरी सुरू व्हायच्या आत मी ते पान उघडलं. ती ओळ चालूच होती. मी बटण सरकवलं. ओळ करडी झाली. मला फार बरं वाटलं. चहा करून घेतला.

इथं अण्णांबद्दल सांगायला हवं. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे. मूळचे निपाणीचे, सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून बंगळूरला आले आणि इथंच निवृत्त झाले. आई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले. बोलणं पहिल्यापासून कमी. आईच त्यांच्या वाटचं बोलायची. आमच्याकडे आल्यावर तर ‘सरी’, म्हणजे कानडीत ‘बरं’, एवढाच त्यांचा शब्द. जेवायला या अण्णा, सरी. गोळी घेतली का, सरी. नाष्टा झाला की ते आपल्या खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. माझं कामाचं टेबल त्याच भिंतीला लागून आहे. पलीकडून कधीकधी पुटपुटल्यासारखं ऐकू यायचं. मला वाटायचं, बातम्या लावल्या असतील. सप्टेंबरात एकदा मीच त्यांना म्हटलं होतं, “अण्णा, आवाज जरा कमी ठेवाल का? माझ्या मीटिंगमध्ये जातो.” ते म्हणाले, “सरी.” दुसऱ्या दिवसापासून आवाज जवळजवळ येईनासा झाला.

त्या बुधवारी पावणेअकराला अण्णा माझ्या दारात आले.

“नेट गेलंय काय ग?”

“नाही अण्णा. चालू आहे. मी मीटिंगमध्येच आहे.”

“सरी.”

दहा मिनिटांनी परत आले. “स्वल्प बघतीस काय? माझ्याकडं येईना.”

“तुमच्या फोनला काहीतरी झालं असेल. झाल्यावर बघते.”

तिसऱ्यांदा त्यांनी दारावर टकटक केली. मी बोलत होते. त्यांच्याकडे न बघता मी हात वर केला, थांबा म्हणून. तळहात त्यांच्याकडे केलेला तो माझा हात मला आजही दिसतो. त्यांना कसा दिसला असेल, तसाच दिसतो.

मीटिंगमागून मीटिंग होती. सव्वाला उठले, ताट वाढलं. अण्णा रोज एकला स्वतःच स्वयंपाकघरात येतात, त्या दिवशी आले नव्हते. मी ताट घेऊनच त्यांच्या खोलीत गेले.

ते उभे होते. कानाला फोन. टेबलावर पुस्तकांच्या चवडीला टेकवून एक टॅब उभा केलेला होता. त्याच्या समोर खुर्ची. शेजारी पाण्याचा पेला, वर्तमानपत्र, चष्म्याचं घर आणि एक वही. वहीत त्यांच्या इंजिनिअरी अक्षरात वेळा लिहिलेल्या होत्या. दहा, पाणी. साडेअकरा, पाणी. बारा, डबा. दीड, गोळी, निळी. तीन, झोप लागल्यास उठवू नये.

टॅबच्या वरच्या कोपऱ्यात तडा होता. तो तडा मी ओळखला. शाळा घरून भरत होती तेव्हा मुलीच्या हातून पडला होता. मला वाटत होतं तो टॅब कपाटात धूळ खात पडलाय.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, आई गेली तेव्हाही नाही.

“अक्का एकटी आहे,” ते म्हणाले. “अडीच तास झाले.”

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. त्र्याऐंशी वर्षांची. निपाणीत मुलाकडे, म्हणजे माझ्या आतेभावाकडे असते.

“एकटी म्हणजे? कुठं?”

“घरात. बाहेरनं कुलूप आहे.”

मला काही कळेना. ताट हातातच होतं आणि ते कुठं ठेवायचं हेही सुचत नव्हतं. अण्णा फोन लावत होते, वाजून बंद होत होता, पुन्हा लावत होते. मधल्या मधल्या तुकड्यांत त्यांनी जे सांगितलं ते असं. आत्याला आता आठवण राहत नाही. मुलगा निपाणीपासून बारा किलोमीटरवरच्या शाळेत शिक्षक, सून तालुक्याच्या कचेरीत. दिवसा सोबतीला असलेली बाई उन्हाळ्यात सोडून गेली, दुसरी मिळाली नाही. आत्या दोनदा घरातून निघून स्टँडवर जाऊन बसली. एकदा कोल्हापूरच्या गाडीत चढलेली सापडली. तेव्हापासून दोघं कामाला जाताना बाहेरून कुलूप लावतात. सकाळी निघताना मुलगा तिच्या पलंगासमोर घरातला जुना फोन स्टँडवर लावतो, अण्णांना व्हिडिओ कॉल करतो आणि जातो. संध्याकाळी सून येईपर्यंत अण्णा समोर असतात. रोज.

“रोज?” मी विचारलं.

“रविवार सोडून.”

कॉल तुटला तर आत्याला तो परत घेता येत नाही. मधे तुटला तर शेजारच्या बाईकडे किल्ली असते, ती जाऊन लावून देते. अण्णांनी तिला फोन केला होता. ती लग्नाला गावाला गेलेली. मुलाच्या शाळेत परीक्षा सुरू, त्याचा फोन शिक्षकांच्या खोलीत पडलेला. सुनेची तपासणीची फेरी, फोनला रेंज नाही.

मी ताट पलंगावर ठेवलं आणि माझ्या खोलीत जाऊन ते पान उघडलं. करडी ओळ तशीच होती. बटण उलटं सरकवलं. दोन सेकंद लागले असतील. भिंतीपलीकडे टॅबनं टुणकन आवाज केला.

मी परत आले तेव्हा अण्णा टॅबकडे बघत होते. मग माझ्याकडे. ते इंजिनिअर आहेत, त्यांना सांगायला लागत नाही.

“तू काय केलंस आत्ता?”

“मीच बंद केलं होतं. मला माहीत नव्हतं अण्णा. मला वाटलं समोरचा...”

त्यांनी पुढचं ऐकलं नाही. म्हणाले, “बरं. आता शाळेचा नंबर शोध.”

नंबर सापडला. शाळेच्या ऑफिसात फोन लागला, कुणीतरी वर्गावर जाऊन आतेभावाला बोलावलं. मी त्याला एवढंच म्हटलं, “आत्याजवळ कॉल नाहीये. पावणेअकरापासून.” नुसता श्वास ऐकू आला आणि मग फोन बंद झाला.

त्यानंतरची चाळीस मिनिटं आम्ही दोघं टॅबसमोर बसून होतो. मी ऑफिसला काही कळवलं नाही. पलीकडे माझा लॅपटॉप टुंटुं करत राहिला. अण्णा खुर्चीवर, मी पलंगाच्या कडेला, ताटाशेजारी. वरणावर साय धरत चालली होती. मी एकदा म्हटलं, “झोपली असेल ती.” अण्णा म्हणाले, “या वेळेला झोपत नाही.”

टॅब वाजला. आतेभावाचा चेहरा होता, घामानं निथळलेला. तो काही सांगत होता पण फोन हलत होता. आधी भिंत दिसली, मग छत, मग दार. आतल्या बाजूनं दाराला, कडीच्या खाली, लाल डाग होते. हाताच्या उंचीवर. एक-दोन नव्हे, बरेच. आणि दाराला पाठ लावून आत्या जमिनीवर बसली होती. तिनं दोन्ही हात मांडीत धरले होते. तळवे काळेनिळे होऊन सुजलेले. डावं मनगट जिथं वळू नये तिथं वळलेलं.

ती तिच्या मुलाला सांगत होती, “बाळ भाईर गेलंय. मगापास्नं हाक मारतीय मी, दार उघडंना. ल्हान हाय त्ये.”

अण्णा तीन वर्षांचे असताना त्यांची आई गेली. आत्या तेव्हा बारा वर्षांची. तिनंच त्यांना वाढवलं, एवढं मला माहीत होतं. माहीत असणं आणि त्या दारावरचे डाग बघणं यात काय अंतर असतं ते मला त्या दुपारी कळलं. समोर बोलणारा भाऊ एकाएकी नाहीसा झाला होता. तिला वाटलं, पोर बाहेर गेलं. मग ती त्याला शोधायला निघाली आणि दार बंद होतं. तीन तास ती ते दार बडवत होती.

आतेभावानं फोन तिच्यासमोर धरला. “हे बघ, मामा इथं आहे. बघ.”

तिनं बघितलं. सगळा चेहरा बदलला तिचा.

“कुठं गेलतास रं?” ती म्हणाली. “जेवलास काय?”

“जेवलो अक्का,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. “तू हात हलवू नको आता. गाडी येतीय, डॉक्टरकडं जायचं. मी हाय इथंच.”

असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, आणि शब्द तर नाहीच. माझ्याशी ते असं बोलत नाहीत. मला वाटायचं, त्यांना बोलायला आवडतच नाही.

डॉक्टरकडे नेईपर्यंत अण्णा तिच्याशी बोलत राहिले. अंगणातल्या शेवग्याबद्दल, कुठल्या तरी जुन्या म्हशीबद्दल. मी खोलीतून बाहेर आले आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. मला रडू येत नव्हतं. मी आपली मोजत होते. दिवसाचे आठ तास. आठवड्याचे सहा दिवस. अडीच महिने. माझ्या टेबलापासून दोन हातांवर.

संध्याकाळी मी जुने आकडे उघडले. तो वापर कधीपासून सुरू झाला ते मला बघायचं होतं, का ते मला तेव्हा कळत नव्हतं. सप्टेंबरातल्या दुसऱ्या सोमवारपासून. त्याच्या आधी काही नाही.

तो आठवडा मला आठवला. अण्णा गणपतीला निपाणीला गेले होते. परत आले त्या शनिवारी रात्रीच्या जेवणाला मला म्हणाले होते, “अक्काला इकडं आणू या काय, थोडे दिवस?” मी म्हटलं होतं, “अण्णा, जागा कुठाय आपल्याकडे? आणि दिवसभर तिच्याकडे बघणार कोण?” मी रागानं म्हटलं नव्हतं. खरंच बघणार कोण, म्हणून म्हटलं होतं. ते म्हणाले, “सरी.” पुढे कधी विषय काढला नाही. मला वाटलं, पटलं त्यांना.

नवरा घरी आला, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पहाटे निघू. मी गाडी काढतो.”

अण्णा पुढच्या सीटवर बसले. तुमकूर गेलं, चित्रदुर्ग गेलं, ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाट पाहण्याची सवय नाही, पण मी पाहिली. हावेरीच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मीच म्हटलं, “मला का नाही सांगितलंत?”

ते कपात बघत म्हणाले, “तुला कामाचा ताप असतो.”

“पण नेट पुरत नाही म्हणून मी महिनाभर ओरडतेय. तेव्हा तरी.”

“मला वाटलं नाही एवढं लागत असेल. नुसतं बोलणंच तर होतं.” मग म्हणाले, “कळलं असतं तर चित्र बंद केलं असतं. तिला आवाज पुरतो. चित्र मला लागायचं.”

नवऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पैसे द्यायला उठला.

निपाणीला पोचलो तेव्हा दुपारचे तीन झाले होते. आतेभाऊ आणि त्याची बायको दोघंही रजा काढून घरी होते. आतेभावाचे डोळे सुजलेले. मी त्याच्यावर ओरडेन असं त्याला वाटत असावं. मी कोण ओरडणार? तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, आम्ही दुसरं काय करणार होतो सांग. मामा होते म्हणून तर जमत होतं.” दारावरचे डाग पुसलेले होते. पुसलेलं कळत होतं, तेवढाच भाग उजळ झाला होता.

आत्या पलंगावर बसली होती. डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, उजव्याला पट्ट्या. अण्णांनी चपला काढल्या, आत गेले, तिच्यासमोर उभे राहिले. अडीच महिने रोज आठ तास तिनं त्यांना बघितलं होतं.

“अक्का.”

तिनं वर बघितलं. जरा संकोचली. प्लास्टरच्या हातानं पदर नीट करायचा प्रयत्न केला.

“कोण तुमी?” तिनं विचारलं. “बसा की. पोरगा हाय आत, बोलवू काय?”

अण्णा तसेच उभे राहिले. मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही.

“अक्का, मी आलोय.”

“व्हय व्हय, बसा,” ती पाहुण्याशी बोलावं तशी म्हणाली. आणि मान वळवून त्या रिकाम्या स्टँडकडे बघितलं. “माझा भाऊ येईल आता. ह्याच टायमाला येतोय.”

आतेभावाची बायको तोंडाला पदर लावून आत गेली. मी अण्णांचा दंड धरायला पुढे झाले, पण त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. ते माजघरात गेले, आपल्यामागे दार ओढून घेतलं. खिशातून स्वतःचा फोन काढून त्यांनी कॉल लावला असावा, कारण आतेभावाच्या हातातला फोन वाजला. त्यानं तो गोंधळून स्टँडवर लावला.

“आलास?” आत्या फोनकडे बघून म्हणाली. “बग, कुणी तरी पावणं आल्यात. चांगल्या घरचं दिसत्यात.”

भिंतीपलीकडून आणि फोनमधून अण्णांचा आवाज एकदमच आला, “त्यांना पाणी दे अक्का.”

“हात मोडलाय न्हवं माझा.”

“मग सुनेला सांग.”

मी बाहेर ओसरीवर येऊन बसले. माझ्या आयुष्यात मला दोन-तीन मोठे धक्के बसले आहेत, आईचं जाणं धरून. पण त्या ओसरीवर जे वाटलं त्याला दुसरा शब्द अजून सापडलेला नाही. आपण काय मोजत होतो, आणि ते काय होतं.

डॉक्टरांनी तिला हलवू नका म्हणून सांगितलं. नवी जागा दिसली तर आणखी गोंधळेल. मी तिला बंगळूरला न्यायला तयार होते, तसं बोललेही, पण आता त्याचा उपयोग नव्हता. तिसऱ्या दिवशी आम्ही निघायची तयारी केली तेव्हा अण्णांची पिशवी भरलेली नव्हती.

“मी राहतो,” ते म्हणाले.

“किती दिवस?”

“बघू.”

त्यांना एकटं तिथं ठेवून जायचं मला धाडस होईना. त्यांची स्वतःची रक्तदाबाची गोळी, पथ्य. मी ते सगळं म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दिवसभर बघायला कुणीतरी लागतं ना? मला सवय आहे.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. अण्णांना टोमणा मारता येत नाही. म्हणूनच ते मला इतकं लागलं.

ते राहिले. कुलूप लावणं बंद झालं. आतेभाऊ सांगतो, पहिले पंधरा दिवस मामा रोज चार-पाच वेळा माजघरात जाऊन फोन लावायचे. बाकी वेळ तिच्याजवळ बसायचे, पाणी पाजायचे, भाकरी कुस्करून द्यायचे. ती त्यांना ‘भाऊसाहेब’ म्हणायची. तिला वाटायचं, मुलानं कुणी माणूस ठेवलाय. हळूहळू फोन लावायच्या वेळा कमी झाल्या. ती त्या माणसाला रुळली. भावाची आठवण काढते, पण घाबरत नाही.

मी दर दुसऱ्या शनिवारी जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा आत्याच्या प्लास्टरवर कुणीतरी वेळा लिहिल्या होत्या, मार्कर पेननं. तिला वाचता येत नाही. अण्णांना लांबून दिसावं म्हणून असेल.

ते आता मला रोज फोन करतात. तीन-चार मिनिटं, पण बोलतात. परवा म्हणाले, “आज अक्कानं माझी चौकशी केली. तुमची बायको कुठं असते म्हणाली. म्हटलं, गेली. पोरंबाळं? म्हटलं, एक मुलगी आहे बंगळूरला.”

“मग?”

“मग म्हणाली, तिच्याकडं का ऱ्हात न्हाई?”

माझी मीटिंग सुरू व्हायला दोन मिनिटं होती. मी लॅपटॉप मिटला.

“तुम्ही काय सांगितलंत अण्णा?”

“म्हटलं, इथं नोकरी लागलीय.” ते हसल्यासारखं वाटलं मला, पण फोनवर कळत नाही. “तर म्हणाली, पगार येळेवर देत्यात काय? न्हाई दिला तर मला सांगा, मी बोलते पोराशी.”

मागून तिची हाक ऐकू आली. भाऊसाहेब, अवो भाऊसाहेब.

“ठेवतो,” अण्णा म्हणाले. “बोलावतीय.”